पाऊस, तापी आणि हाताचं काम

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ साल आठवतं. शिवाजी महाराजांची स्वारी, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान, व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून बाहेर निघालेली संपत्ती. शाळेत आपण सगळ्यांनीच हे वाचलेलं असतं. त्याच्या चौतीस वर्षं आधी याच शहरावर जो घाला पडला त्याबद्दल मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळी सापडल्या तरी पुष्कळ. त्या घाल्यात घोडे नव्हते, तलवारी नव्हत्या. १६३० च्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही, एवढंच झालं. आणि पुढच्या वर्षी आला तो इतका आला की शेतात जे काही उभं होतं ते कुजून गेलं.

पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा एक नोकर १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला. रस्ता जुनाच, नंदुरबारवरून आणि पुढे तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला जाणारा. म्हणजे आमच्या खानदेशातून. त्याने वाटेत जे पाहिलं ते लिहून ठेवलंय. रस्त्याच्या कडेला पडलेली मढी, जनावरांच्या शेणातून दाणे वेचणारी माणसं. मी धुळ्याला इतिहास घेऊन बी.ए. झाले, पण हे मंडीचं वर्णन वाचलं ते लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, सुरतेत. माहेर आणि सासर यांच्यामधल्या, रेल्वेने कितीदा तरी केलेल्या त्या प्रवासाकडे नंतर मला पूर्वीसारखं बघता आलं नाही.

त्याच वेळी शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूरला मुक्काम ठोकून होता. मुमताजमहल १६३१ मध्ये तिथेच वारली. बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, सारा माफ केला, असं त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो. इकडे देहूत तुकाराम महाराजांची पहिली पत्नी याच काळातल्या दुष्काळात गेली आणि त्यांची दुकानदारी बुडाली. एकच न पडलेला पाऊस, पण बऱ्हाणपूर, देहू आणि सुरत अशा तीन ठिकाणी त्याने तीन तऱ्हेची पडझड केली.

सुरतेत काय झालं? दुष्काळ म्हटला की आपल्याला रिकामी कणगी दिसते. सुरत मात्र बंदर होतं आणि सुरतेच्या आसपासचा मुलूख कापडावर जगत होता. विणकर, धुणारे, रंगवणारे, छापणारे. यांच्यापैकी कोणाचंच शेत नव्हतं, तरी दुष्काळाने सगळ्यांत आधी गाठलं ते यांना. धान्य महाग झालं की माणूस पहिल्यांदा नवं कापड घ्यायचं थांबतो. कापड थांबलं की विणकराचा रोज थांबतो, आणि नेमका त्याच महिन्यात त्याला बाजारातून दुप्पट-तिप्पट भावाने दाणे घ्यायचे असतात. हातातलं काम जातं ते अशा वेळी जातं. इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या पत्रांतून हेच ऐकू येतं, की माल मिळत नाही, विणकर मेले किंवा मुलूख सोडून गेले. पाऊस पुन्हा नीट पडायला लागला तरी माग लगेच सुरू झाले नाहीत. धान्याला भाव असल्यामुळे शेतकऱ्यांनी कापसाच्या रानात धान्य पेरलं. म्हणजे पाऊस आहे, पीक आहे, पण सूत नाही. दोन्ही कंपन्यांनी मग खरेदीसाठी पूर्वेकडे, कोरोमंडलच्या किनाऱ्याकडे जास्त लक्ष वळवलं. सुरतेचं बंदर पुढे पुष्कळ वर्षं गाजत राहिलं. जे विणकर गेले ते मात्र परत यायला नव्हतेच.

इथे आमच्या विरजी व्होराचा उल्लेख करायला हवा. सतराव्या शतकातला हा जैन सावकार जगातल्या अतिश्रीमंतांत गणला जाई. दुष्काळानंतरच्या काळात इंग्रज कंपनी त्याची मोठी कर्जदार होती, आणि १६६४ च्या स्वारीत त्याच्याकडची प्रचंड संपत्ती गेली तरी त्याची पेढी लगेच बुडाली नाही. समाजात त्याचं नाव अभिमानाने घेतलं जातं, मलाही तो अभिमान आहे. पण व्यापाराच्या घरातली बाई म्हणून एक गोष्ट मला दिसते. पैशाला पाय असतात. एका मुलखात पाऊस चुकला तर पैसा दुसऱ्या मुलखातला माल धरतो. विणकरालाही पाय असतात, पण ते उपाशी पाय. त्यांनी किती कोस जाता येईल?

पुढचं दीडशे वर्षांचं सांगत बसत नाही. १८३७ च्या एप्रिलमध्ये सुरतेला मोठी आग लागली, नऊ हजारांवर घरं जळाली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीचा पूर शहरात शिरला. त्यानंतर पुष्कळ पारशी आणि हिंदू-जैन व्यापारी मुंबईला गेले. मुंबईच्या भरभराटीत सुरतेच्या राखेचा आणि चिखलाचा वाटा आहे, हे मुंबईकर सहसा सांगत नाहीत.

पाऊस चुकला की पहिल्यांदा काम जातं आणि मग अन्न, ही गोष्ट सरकारी कागदावर यायला १८८० साल उजाडावं लागलं. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. त्याने स्वच्छ शब्दांत म्हटलं की अवर्षणाचा पहिला परिणाम म्हणजे शेतातली मजुरी बंद पडणं, आणि त्या मजुरीवर जगणारी असंख्य माणसं एकाच वेळी रिकामी होणं. धान्य बाजारात असतं, ते विकत घ्यायला हातात पैसा नसतो. म्हणून दुष्काळात आधी काम काढा, असं त्यातून ठरलं आणि दुष्काळ संहिता आली. खडी फोडणं, तलाव खोदणं, रस्ते, रेल्वेचे भराव. मजुरी जेमतेम जीव धरेल इतकीच. राज्य परक्यांचं होतं आणि हिशोब चिकट होता, पण विचार बरोबर होता असं माझं मत आहे.

अडचण एवढीच की हा सगळा विचार शेतमजुराला समोर ठेवून केलेला. ज्याची बोटं सुतावर चालतात त्याच्या हातात खडीचा हातोडा दिला तर महिन्याभरात त्याची बोटं मागासाठी निकामी होतात. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी हे ओळखलं होतं. सोलापूर आणि नगरच्या विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम मिळावं, म्हणून तिथल्या लोकांशी बोलून त्यांनी एक योजना आखली. स्थानिक व्यापारी आणि सरकार यांनी मिळून ती चालवायची होती. मुंबई सरकारने ती नाकारली. टिळकांच्या चरित्रात ही हकिगत बाजूला पडते, कारण पुढच्याच वर्षी प्लेग, रँड आणि राजद्रोहाचा खटला आला. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. कारागिराची बेकारी ही वेगळी बेकारी आहे, हे त्या वेळी एका मराठी माणसाला कळलं होतं.

१८९९ मध्ये पुन्हा पाऊस गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. सुरतेच्या जुन्या घरांत म्हातारी माणसं अजूनही ताटात टाकणाऱ्या पोराला ‘छप्पनिया’ची आठवण देतात. गुजरातची गुरं त्या वर्षी इतकी मेली की पांजरापोळी अपुऱ्या पडल्या. जनावरांसाठी आमच्या समाजाने फार केलं. माणसांच्या हाताला काम देणं हे मात्र दयेपेक्षा अवघड असतं, ते एकट्या समाजाच्या आवाक्यातलं नसतं. त्याच सुमाराला तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत पोचली, आणि नंदुरबारपासून सुरत एका दिवसाच्या अंतरावर आली. दुष्काळात माणसं पायी मरत मरत जायची त्याच रस्त्यावर आता तिकीट काढून जाता येऊ लागलं.

या रेल्वेचा खरा उपयोग झाला तो १९७२ नंतर. तो दुष्काळ माझ्या लहानपणाच्या अगदी उंबरठ्यावरचा. मला आठवत नाही, पण सुकडी आणि मिलो हे शब्द घरात इतके ऐकलेत की आठवत असल्यासारखं वाटतं. महाराष्ट्रात त्या वेळी दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. जगात इतक्या माणसांना एकाच वेळी सरकारने काम दिल्याची उदाहरणं फार नाहीत. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, ही त्यातली कल्पना मला आजही मोठी वाटते. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा त्याच वाटेने आला.

पण रोज थोडा, आणि सुरत जवळ. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं गाडीत बसून इकडे यायला लागली. काही बारडोलीच्या पट्ट्यात उसाच्या तोडणीला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, राहायला शेताकडेचा पडाव, मजुरी टनावर. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने या खानदेशी तोडणीवाल्यांवर बरंच लिहिलंय. काही यंत्रमागांवर. सुरतेत कारखान्याला ‘खातं’ म्हणतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खात्यांच्या आसपास मराठी वस्त्या उभ्या राहिल्या. आज लिंबायतच्या गल्लीत अहिराणी ऐकू येते, गणपती मुंबईच्या थाटात बसतो, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत.

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, उकाई धरणही पुरं झालं. १९६८ च्या पुरात तापीला साडेपंधरा लाख क्युसेक पाणी आलं होतं, १९७० मध्ये पुन्हा मोठा पूर. धरणामुळे सुरत सुटली असं सगळ्यांना वाटलं. धरणासाठी दीडशेच्या वर गावांना झळ बसली, बरीचशी आदिवासींची, काही आपल्या नवापूरकडची. म्हणजे एका बाजूला दुष्काळाने हललेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला धरणाने हललेली, दोन्ही सुरतेच्याच वाटेला लागली. पुराची भीती कमी झाल्यावर नदीकाठ भरत गेला. आमचं घरही अडाजणला, नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत.

२००६ च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात, म्हणजे पुन्हा आमच्याच खानदेशात आणि मध्य प्रदेशात, धो धो पाऊस झाला. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं. धरणात आधीच किती पाणी भरून ठेवावं, यावर नंतर पुष्कळ वाद झाले. ७ तारखेपासून शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्यात होता. ९ ला राखीपौर्णिमा होती, पुढे पर्युषण आणि मग दिवाळी. कापडाच्या बाजारात हाच कमाईचा मोसम. आम्ही दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे चार दिवस काढले. त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, तेव्हा सगळ्या सुरतेने तेच केलं. दुकानातला माल भिजला, विम्याचा माणूस आला, त्याने ताके मोजले, फोटो काढले, खूप खेटे घालून का होईना पैसे मिळाले.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई शिंदखेड्याकडच्या. त्यांचे मालक वेडरोडच्या एका खात्यात कारीगर होते. खातं तळमजल्यावर. मोटरी जळल्या, बीम कुजले, मागांत गाळ. खातं पाच आठवडे बंद. कारीगराची मजुरी मीटरवर. कापड नाही तर मीटर नाही, मीटर नाही तर पगार नाही. शेठलाही दोष देता येत नव्हता, त्याची रक्कम विम्यात अडकलेली. आठवडाभर वाट बघून बाईंचे मालक गावी गेले, भावाच्या कोरडवाहू दोन एकरांत निंदणीला हात लावला. दसऱ्याला परत आले तेव्हा त्यांच्या मागांवर ओरिसातला एक मुलगा उभा होता, मीटरमागे काही पैसे कमी घेऊन. मी बाईंना विचारलं, “सरकारने काही दिलं का हो?” तर म्हणाल्या, “घरात पानी शिरलं त्याचं दिलं थोडं, ताई. काम गेलं त्याचं कोन देतं?”

त्या एका वाक्यात टिळकांची नाकारलेली योजना आहे. खेड्यात काम गेलं तर मागायला निदान एक कायदा आहे. शहरातल्या खात्यात गेलं तर काहीच नाही.

आणि तो ओरिसाचा मुलगा तरी कुठून आला? सुरतेच्या यंत्रमागांवर आज ओडिया कारीगरांची मोठी संख्या आहे, त्यांतले बहुतेक गंजाम जिल्ह्यातले. १९९९ च्या ऑक्टोबरात गंजामवर चक्रीवादळ आलं, २०१३ च्या ऑक्टोबरात फायलीन गोपाळपूरला, म्हणजे त्याच जिल्ह्यात धडकलं. वादळाने भात झोपलं की सुरतेची गाडी भरते. एका किनाऱ्यावरची बेकारी दुसऱ्या किनाऱ्यावर मजुरीचा भाव पाडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की गुजरातपासून ओरिसापर्यंतच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे प्रसंग १९५० नंतरच्या पासष्ट वर्षांत तिपटीने वाढले. हा पट्टा नकाशावर बघितला तेव्हा मी चकित झाले. शिंदखेड्याचं शेत, सुरतेचं खातं आणि गंजामचं भात, तिन्ही त्याच एका पट्ट्यात. १६३० च्या अवर्षणाला कोणी हवामानबदल म्हणणार नाही, ते निसर्गाचंच होतं. आता मात्र त्यात माणसाचा हात आहे. आणि शंभर वर्षांत दोनदा-तीनदा यायचं ते एकाच कारीगराच्या आयुष्यात तितक्यांदा येतंय.

तरीही बेकारीच्या आकड्यांत हे दिसत नाही. कारण मोजायची रीत. चालू आठवड्याच्या हिशोबात ज्याने सात दिवसांत एक तासही काम केलं तो कामावर धरला जातो. बाईंचे मालक त्या पाच आठवड्यांत भावाच्या शेतात निंदत होते, म्हणजे तेही कामावरच. कोणी विचारायला आलं असतं तर कागदावर ‘शेती, घरचा मदतनीस’ असं लिहून गेलं असतं. पुराने बुडालेला माणूस आकड्यांत कोरडाच निघतो.

उन्हाचं तर त्याहून अवघड. पूर दिसतो, त्याचे फोटो निघतात. खात्यावर पत्र्याचं छप्पर, आत मागांच्या मोटरींची ऊब, खिडक्या बऱ्याचदा बंद, आणि सुरतेची समुद्रकाठची दमट हवा, घाम सुकतच नाही. बारा तासांची पाळी. एप्रिल-मेमध्ये माणूस दोन मागांवर कमी फिरतो, धागा तुटलेला उशिरा दिसतो, मीटर कमी भरतो. काम गेलेलं नसतं, पण त्यातला काही भाग दररोज गळत असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ च्या अहवालात अंदाज केला होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातले कामाचे ५.८ टक्के तास बुडतील. पूर्णवेळ नोकऱ्यांत मोजलं तर तीन कोटी चाळीस लाख. पण या तीन कोटींतलं कोणी ‘बेकार’ म्हणून घरी बसलेलं दिसणार नाही. ती सगळी कामावर जातील आणि कमी पैसे घेऊन घरी येतील.

काहीच होत नाही असं मात्र नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, देशात असा पहिलाच. सुरतेत २००६ नंतर महापालिका, व्यापारी आणि तज्ज्ञ एकत्र आले, उकाईच्या पाण्याची आगाऊ सूचना मिळावी अशी व्यवस्था उभी राहिली, हवामानबदलासाठी शहराचा वेगळा ट्रस्ट झाला. तापमान ठराविक अंशांपुढे गेलं की बाईच्या खात्यात बुडालेल्या रोजाची थोडी रक्कम यावी, असा विमा इलाबेन भट्टांच्या ‘सेवा’ने आपल्या सभासद बायकांसाठी सुरू केला. रक्कम लहान आहे. पण ‘काम गेलं त्याचं कोण देतं’ या प्रश्नाला दिलेलं ते पहिलं उत्तर आहे, म्हणून मला त्याचं अप्रूप वाटतं. असं काही पुरुष कारीगरांसाठी, खात्यांच्या संघटनांनी आणि बाजारानेही पैसे घालून का करू नये? आमच्या रिंगरोडच्या बाजारात शेअरबाजारापासून गोशाळेपर्यंत सगळ्यावर चर्चा होते. ताक्यामागे काही पैसे बाजूला काढायचे म्हटलं तर घरातच मला उत्तर मिळतं की भाव तुटेल, माल भिवंडीला जाईल. हेही खोटं नाही. पैशाला पाय असतात हे मी आधी लिहिलंच आहे.

बाईंचे मालक आता रात्रपाळी करतात. उन्हाळ्यात रात्रपाळी मागणारे इतके झालेत की त्यासाठी मुकादमाला धरावं लागतं. जून लागला की सुरतेची वर्तमानपत्रं रोज उकाईची पातळी फुटांत छापतात, ३४५ ला धरण भरतं हे इथे पोराटोरांनाही पाठ असतं. बाई सकाळी आल्या की ओट्यावरचा पेपर उघडून आधी तो आकडा बघतात. मग पीठ मळायला घेतात.